साथीच्या हिशेबात आपली वस्ती कुठे?

2020 साली ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील माणसे रोज महापालिकेचा आकडा पाहून घाबरत होती किंवा निर्धास्त होत होती. आज इतके बाधित, इतके मृत. परंतु हा आकडा तयार कसा होतो, हे कितीजणांनी विचारले? बहुजन समाजाने तरी हा प्रश्न विचारलाच पाहिजे, असे आम्हाला वाटते. कारण तपासणी केंद्र कुठे, खाटा कुठे आणि पोलीस बंदोबस्त कुठे, हे याच आकड्यावरून ठरते.

श्वसनाचा नवा विषाणू आला की शास्त्रज्ञ आधी विचारतात, एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण करतो? कोरोनाच्या सुरुवातीच्या नोंदींवरून हे प्रमाण दोन ते अडीचच्या आसपास निघाले होते. ते अडीच धरले आणि लागणीच्या एका फेरीला पाच दिवस मानले, तर सहाव्या फेरीत, म्हणजे महिनाभरात, एका रुग्णामागे 244 नवे रुग्ण उभे राहतात. तेच प्रमाण 1.3 असेल तर जेमतेम पाच!

हे प्रमाण एकट्या विषाणूवर ठरत नाही, माणसे कशी राहतात यावरही ठरते. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे आणि सगळ्या चाळीला एक सार्वजनिक शौचालय, तिथे ते वाढते. स्वतंत्र खोलीत राहणाऱ्यांत ते घटते. म्हणून साऱ्या शहराला एकच सरासरी लावणे म्हणजे वस्तीचे वास्तव झाकणे होय.

मग खरा आकडा कळणार कसा? जानेवारी 2020 मध्ये चीन वुहानमध्ये 41 रुग्ण सांगत होता. त्याच वेळी थायलंड आणि जपानमध्ये वुहानहून आलेले 3 रुग्ण सापडले. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी साधा हिशेब मांडला. वुहान विमानतळावर अवलंबून असलेली लोकसंख्या 1 कोटी 90 लाख, रोज परदेशी जाणारे प्रवासी सुमारे 3,300, लागणीपासून रोग ओळखेपर्यंत 10 दिवस. म्हणजे त्या 10 दिवसांत साधारण 575 माणसांमागे एकजण परदेशी जातो. बाहेर 3 सापडले, तर आत 1,700 च्या घरात असणार! सरकारी आकड्याच्या चाळीसपट.

यातला धडा सरळ आहे. जिथे शोध घेतला जातो तिथेच रुग्ण सापडतो. जिथे शोधच नाही तिथला शून्य खोटा असतो.

आपल्या देशात काय झाले? मार्च 2020 च्या मध्यापर्यंत चाचणी मुख्यतः परदेशातून आलेल्यांची आणि त्यांच्या संपर्कातील लक्षणे असलेल्यांची होत होती. ज्याच्याकडे पासपोर्ट, तो मोजला गेला. नाक्यावरचा मजूर, सफाई कामगार, घरकाम करणारी आमची भगिनी, यांचा ताप त्या निकषात बसत नव्हता. पुढे जुलै 2020 मध्ये नीती आयोग, मुंबई महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मुंबईच्या 3 प्रभागांत रक्ततपासणी केली. झोपडपट्टीत 57 टक्के लोकांना लागण होऊन गेल्याचे आढळले, इतरत्र 16 टक्के. मुंबईत तेव्हा नोंदलेले रुग्ण होते लाखाच्या आसपास, म्हणजे सव्वा कोटी लोकसंख्येच्या एक टक्काही नाही. दाट वस्त्यांतून साथ फिरून गेली आणि कागदाला पत्ताही लागला नाही.

डोंबिवलीचे उदाहरणही घ्या. महाराष्ट्रातील ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण 4 डिसेंबर 2021 रोजी इथलाच जाहीर झाला. दक्षिण आफ्रिकेहून नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात आलेला प्रवासी. त्याच्या निकट आणि दूरच्या संपर्कातील 35 जण तपासले, एकही बाधित निघाला नाही. पालिकेचे काम चोख होते. परंतु म्हणून हा विषाणू पसरत नाही असे कोणी म्हटले असते, तर? बरेच रुग्ण कुणालाच लागण करत नाहीत आणि थोडे रुग्ण अनेकांना करतात. त्यामुळे एकट्या रुग्णावरून अंदाज बांधता येत नाही. जानेवारी 2022 च्या पहिल्या आठवड्यात मुंबईत दिवसाला 20 हजारांवर रुग्ण सापडू लागले.

आता कायद्याचे बोलू. साथरोग कायदा 1897 चा, प्लेगच्या काळातला. त्याच वर्षी प्लेगग्रस्तांची सेवा करताना सावित्रीबाईंनी प्राण ठेवला. हा कायदा सरकारला अधिकार देतो, नागरिकाला शिक्षा सांगतो, पण आकडे लोकांसमोर मांडण्याचे बंधन कुणावरही घालत नाही. ते बंधन आपल्याला माहिती अधिकार कायदा, 2005 च्या कलम 4 मध्ये सापडते. लोकांवर परिणाम करणाऱ्या निर्णयांमागील तथ्ये आणि कारणे प्रशासनाने आपण होऊन प्रसिद्ध केली पाहिजेत.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, पुढच्या साथीची वाट पाहू नका. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांकडे आताच लेखी मागा: रुग्णांच्या आकड्याबरोबर प्रभागनिहाय चाचण्या किती केल्या ते सांगा. निकाल कधी आला याबरोबर लक्षणे कधी सुरू झाली ती तारीखही नोंदवा. वागळे इस्टेट, कळवा, वालधुनी अशा दाट वस्तीच्या भागांतील सांडपाण्याची नियमित तपासणी करा. माणूस दवाखान्यात पोहोचला नाही तरी विषाणूची खूण सांडपाण्यात मिळते.

बाबासाहेबांनी आपल्याला अर्ज लिहायला आणि पुरावा मागायला शिकवले. ज्या वस्तीची मोजणी होत नाही, तिच्या वाट्याला खाट येत नाही, फक्त बंदोबस्त येतो. तो अनुभव 2020 मध्ये पुरेसा घेतला आहे.