परग्रहावरचे बहिष्कृत

विज्ञानकथेला एक मोठी मोकळीक असते. आपल्या समाजातला एखादा नियम उचलून ती दूरच्या ग्रहावर नेऊन ठेवते. तिथे तो नियम परका दिसतो आणि बघणारा त्याची चिकित्सा करू शकतो. दूरचित्रवाणीवरील विज्ञानमालिकांनी वर्णद्वेष, युद्ध आणि हुकूमशाही हे विषय याच वाटेने घराघरांत नेले. समलिंगी माणसाच्या बाबतीत मात्र ही मोकळीक बराच काळ आडोसा म्हणून वापरली गेली. त्याचा प्रश्न रूपकातून मांडला गेला, पण तो स्वतः पडद्यावर आला नाही.

अमेरिकेतील ‘स्टार ट्रेक’ ही मालिका १९६६ मध्ये सुरू झाली. तिच्या यानावर कृष्णवर्णीय स्त्री, जपानी वंशाचा चालक आणि रशियन अधिकारी एकत्र काम करत. नोव्हेंबर १९६८ मध्ये गोरा कप्तान कर्क आणि कृष्णवर्णीय अधिकारी उहुरा यांचे चुंबन दाखवण्यात आले. त्या काळच्या अमेरिकेत ते धाडस होते. समलिंगी व्यक्तीला मात्र या यानावर जागा मिळाली नाही. १९८७ मध्ये मालिकेचा नवा अवतार आला. त्यासाठी डेव्हिड जेरॉल्ड यांनी समलिंगी जोडपे असलेली एक कथा लिहिली. एड्सच्या साथीचे रूपकही तिच्यात होते. ती कथा चित्रित झाली नाही. लहान मुलांसह घरातले सगळे बसून बघतात अशा मालिकेत प्रेक्षक आणि स्थानिक वाहिन्या नाराज होण्याची धास्ती कायम असे.

मार्च १९९२ मध्ये याच मालिकेने आडवळणाने विषयाला हात घातला. ‘द आउटकास्ट’ म्हणजे ‘बहिष्कृत’ या भागात ज-नाई नावाची एक जमात येते. तिथे स्त्री-पुरुष हा भेद उरलेला नाही. एखाद्याला आपण स्त्री किंवा पुरुष आहोत असे वाटले, तर तो आजार समजला जातो. सोरेन नावाच्या व्यक्तीला आपण स्त्री असल्याचे जाणवते आणि यानावरील रायकर या अधिकाऱ्यावर तिचे प्रेम बसते. तिला न्यायासनापुढे उभे केले जाते. आपल्यासारखी माणसेही इतरांसारखीच हसतात, रडतात, काम करतात, त्यांना बरे करण्याची गरज नाही, असे ती तिथे ठामपणे सांगते. तरीही तिच्यावर ‘उपचार’ होतात. रायकर तिला सोडवायला पोहोचतो, तेव्हा ती शांतपणे सांगते की आपण आजारी होतो आणि आता बऱ्या झालो आहोत. हा शेवट आजही अंगावर काटा आणतो.

असे ‘उपचार’ ही कल्पनेतली गोष्ट नव्हती. समलिंगी मुलामुलींना ‘सुधारण्यासाठी’ डॉक्टरांकडे किंवा बाबा-बुवांकडे नेणारी कुटुंबे भारतातही आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये अशा उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले, म्हणजे तो भाग प्रसारित झाल्यानंतर तीस वर्षांनी. त्या भागात एक तडजोडही होती. सोरेनची भूमिका अभिनेत्रीला देण्यात आली, त्यामुळे पडद्यावर स्त्री-पुरुषाचेच प्रेम दिसले. ती भूमिका पुरुषाने करायला हवी होती, असे मत रायकर साकारणारे जोनाथन फ्रेक्स यांनी पुढे व्यक्त केले.

ऑक्टोबर १९९५ मध्ये ‘डीप स्पेस नाइन’ या भावंड मालिकेतील ‘रीजॉइन्ड’ हा भाग एक पाऊल पुढे गेला. त्यातल्या ट्रिल जमातीत एक दीर्घायुषी जीव एकामागून एक अनेक माणसांच्या शरीरात राहतो. मागच्या जन्मीच्या जोडीदाराशी पुन्हा नाते जोडण्यास त्या समाजात सक्त मनाई असते. मागच्या आयुष्यात पती-पत्नी असलेले दोन जीव या वेळी जॅडझिया आणि लेनारा या दोन स्त्रियांच्या रूपात भेटतात. त्या दोघी स्त्रिया आहेत, याबद्दल भागात कोणीही चकार शब्द काढत नाही. साऱ्यांना भीती असते ती जमातीने हद्दपार करण्याची.

मराठी वाचकाला ही शिक्षा समजावून सांगावी लागत नाही. वाळीत टाकणे हा शब्द आपल्या बोलीत पूर्वीपासून आहे. जातपंचायतींच्या या शिक्षेविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला, तो जुलै २०१७ मध्ये अमलात आला. सगोत्र विवाहाला १९४६ च्या कायद्याने मान्यता मिळेपर्यंत तोही मोठा वादाचा विषय होता. प्रेमावरची बंधने माणसेच घालतात आणि पिढ्या बदलल्या की तीच बंधने अनाकलनीय वाटू लागतात, हे ‘रीजॉइन्ड’चे सांगणे आपल्या इतिहासालाही लागू पडते.

रूपकाचा पडदा या शतकात दूर झाला. २००५ मध्ये ब्रिटनमधील ‘डॉक्टर हू’ या मालिकेत कॅप्टन जॅक आला. तो एकावन्नाव्या शतकातला, स्त्री-पुरुष दोघांवरही प्रेम करणारा वीर. जून २०१५ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘सेन्स एट’ आली. जगातल्या आठ शहरांतली आठ माणसे मनाने जोडली जातात आणि एकाचे दुःख दुसऱ्याला थेट जाणवते, अशी तिची कल्पना. त्यांत मेक्सिकोतला समलिंगी नट लिटो आहे, सॅन फ्रान्सिस्कोतली पारलिंगी स्त्री नोमी आहे आणि मुंबईतली गणेशभक्त, औषधशास्त्र शिकलेली कला दांडेकरही आहे. मराठी आडनावाची ही मुलगी आणि लिटो एकाच जाणिवेचे भागीदार आहेत, हे विज्ञानकथेलाच शक्य होते. मालिकेचा अखेरचा भाग जून २०१८ मध्ये आला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून वगळले.

‘स्टार ट्रेक: डिस्कव्हरी’ने २०१७ मध्ये स्टामेट्स हा शास्त्रज्ञ आणि कल्बर हा डॉक्टर असे जोडपे मुख्य पात्रांत आणले. एका प्रसंगात दोघे रात्रीच्या कपड्यांत आरशासमोर दात घासत दिवसभरातल्या गोष्टी बोलतात. त्यात रूपक नाही, भाषणही नाही, फक्त संसार आहे. त्याच हंगामात कल्बरला मारण्यात आले आणि प्रेक्षक संतापले, कारण समलिंगी पात्राच्या वाट्याला मरणच येते हा पडद्यावरचा जुना शिरस्ता होता. पुढच्या हंगामात तो परत आला.

मराठीलाही हा शिरस्ता परिचित आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकाने १९८१ मध्ये स्त्रीवर प्रेम करणारी सुमित्रा रंगमंचावर उभी केली. रोहिणी हट्टंगडी यांनी ती साकारली. नाटकाच्या शेवटी सुमित्रा आत्महत्या करते. २००६ मध्ये सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ या कादंबरीत एकाच पाहुण्यावर प्रेम करणारे भाऊ-बहीण आले. या कादंबरीत समलिंगी तरुण स्वतःच्या तोंडून बोलतो. अशा कथांना मराठीत वास्तववादाचा आधार मिळाला. जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे यांनी समृद्ध केलेली मराठी विज्ञानकथा बहुतांशी वेगळ्या प्रश्नांत रमली.

खऱ्या जगात मात्र विज्ञान आणि समलिंगी माणूस यांची भेट झाली आहे.  हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जाणार आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. नारळीकरांनी पुण्यात उभी केलेली ‘आयुका’ ही संस्था या प्रकल्पात सहभागी आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतील लायगोने पहिल्यांदा या लहरी टिपल्या. त्या चमूत नर्गिस मावळवाला होत्या. कराचीत वाढलेल्या, पारशी कुटुंबातल्या या भौतिकशास्त्रज्ञ आपण समलिंगी असल्याचे उघडपणे सांगतात. २०२० पासून त्या एमआयटीच्या विज्ञान विभागाच्या अधिष्ठाता आहेत.

मालिकांना समलिंगी शास्त्रज्ञ कल्पनेतून घडवावा लागला. औंढ्याच्या माळावर वेधशाळा पाहायला जाणाऱ्या मुलामुलींना मात्र असा शास्त्रज्ञ शोधायला दूरच्या ग्रहावर जावे लागणार नाही.