पारख पेढीवरची आणि संगणक कंपनीतील

पेढीवर नवा माणूस ठेवताना व्यापारी घराण्यांत आजही आधी ओळख पाहिली जाते. कोणाच्या घरचा, कोणाच्या शब्दाने आला, एवढे समजले की बाकीची पारख हळूहळू कामातून होते. याच घरांतील मुले-मुली संगणक अभियंता होऊन गूगलसारख्या कंपनीत मुलाखतीस जातात, तेव्हा तेथील रीत वडीलधाऱ्यांना परकी वाटते.

प्रथम अर्जाची छाननी होते. कंपनीतील कोणाची शिफारस असल्यास अर्जाकडे लक्ष जाते. पुढच्या वाटेवर मात्र उमेदवार एकटाच असतो. फोनवर किंवा व्हिडिओवर प्राथमिक फेरी होते. त्यानंतर साधारण पाऊण-पाऊण तासाच्या चार-पाच फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत नवा अभियंता समोर असतो. पूर्वी तेथे चक्रावून टाकणारी कोडी घालत असत. त्यांतून कामाची योग्यता मुळीच कळत नाही, असे कंपनीचे तत्कालीन मनुष्यबळ प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये स्पष्ट सांगितले.

आता विचारतात ते काय, हे एका उदाहरणाने पाहता येईल. खतावणीत १०,००० रकमा आहेत. त्यांपैकी कोणत्या दोन रकमांची बेरीज बँकेत जमा झालेल्या आकड्याइतकी होते, ते शोधायचे आहे. प्रत्येक रक्कम उरलेल्या प्रत्येकीशी जुळवून पाहिली, तर सुमारे ५ कोटी जोड्या तपासाव्या लागतील. जाणकार उमेदवार एकदाच वही वाचतो. रक्कम वाचताच ती जमा आकड्यातून वजा करतो आणि उरलेली रक्कम पूर्वी येऊन गेली आहे का, हे ‘हॅश टेबल’ नावाच्या रचनेतून तत्काळ पाहतो; नसल्यास हातातील रक्कम तेथे नोंदवून पुढे जातो. पाच कोटींचे काम दहा हजारांत आटोपते. परंतु केवळ उत्तर पुरत नाही. रकमा ऋण असू शकतात का, एकच रक्कम दोनदा धरता येईल का, असे प्रश्न त्याने आधी विचारावेत आणि विचार मोठ्याने मांडावा, ही अपेक्षा असते.

निर्णय मुलाखत घेणाऱ्या एकट्या व्यक्तीच्या हाती नसतो. प्रत्येकाचा लेखी अभिप्राय एका समितीपुढे जातो आणि उमेदवाराला न भेटलेली ही समिती मत ठरवते. एकाच्या आवडीनिवडीवर निवड अवलंबून राहू नये, हा हेतू. त्याची किंमतही आहे. चुकीचा माणूस घेण्यापेक्षा एखादा चांगला निसटला तरी चालेल, असे हे धोरण असल्याने गुणी माणसेही नाकारली जातात. मॅक संगणकांवर असंख्य अभियंते वापरतात त्या ‘होमब्रू’ प्रणालीचे निर्माते मॅक्स हॉवेल यांनाही गूगलने नकार दिला होता, हे त्यांनीच २०१५ मध्ये जाहीर केले.

म्हणून नकाराचे पत्र आले की “काय चुकले?” असा तगादा घरच्यांनी लावू नये. कारण बहुधा उमेदवारालाही सांगितले जात नाही, आणि काही काळाने पुन्हा अर्ज करता येतो. तोवर वडीलधाऱ्यांना एक मदत सहज करता येईल. दुकान बंद झाल्यावर मुलाला किंवा मुलीला समोर बसवून एखादा प्रश्न साध्या मराठीत समजावून सांगायला लावावे आणि जेथे कळले नाही तेथे निःसंकोच अडवावे. खतावणीतील गणित आजोबांना पटवून देता आले, तर मुलाखतीतील पाऊण तास तितका अवघड राहत नाही.