शनिवारी बंद राहणारा घाणा

केदारखेड्याजवळच्या भोकरदनला १९७३ साली उत्खनन झालं, तेव्हा हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती हाती आली. तिची बहीण शोभावी अशी मूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेली. ते शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं, त्यामुळे भोकरदनच्या मूर्तीचा काळ ठरवायलाही आधार मिळाला.

इतिहास फक्त असा जमिनीतूनच निघतो, हा पहिला गैरसमज. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले म्हणतात. त्याचं एक खापरही हाती नाही.

मग 'सात जोडपी वाचली, इ.स.पू. १७५' ही त्यांची परंपरा सिद्ध आहे का? नाही. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी एकोणिसाव्या शतकाअखेरीस समाजाची आठवण लिहून ठेवली. त्या सालाच्या बाजूने सांगतात, की या लोकांना हनुक्का सण ठाऊक नव्हता. तो इ.स.पू. १६४च्या घटनेचा, म्हणजे हे त्याआधीच निघाले! तर्क चलाख, पण लंगडा. पोथ्या नसल्या की सणही विसरतात. शिवाय सात जोडपी म्हणजे चौदा माणसं, आणि चित्पावनांच्या कथेतही समुद्रातून आलेली चौदा प्रेतं आहेतच. इतिहासकार इथे कान टवकारतो.

'शनिवार तेली' म्हणजे तेल्यांची एखादी पोटजात, असंही अनेकांना वाटतं. खरं तर ही बेने इस्राएल मंडळी शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजाऱ्यांनी दिलेलं हे नाव. हिब्रू पोथी नव्हती, पण 'शेमा' ही प्रार्थना तोंडपाठ होती. मुलाची सुंता आठव्या दिवशी होई. खवले नसलेला मासा ताटात येत नसे. वागणुकीची ही पुराव्याची साखळी खापराइतकीच बोलकी. मात्र ती सरसकट प्राचीन नव्हे: त्यांच्या विधीतल्या पोहे, गूळ, खोबऱ्याच्या 'मलिद्या'चं नावच फारसी आहे.

आणि जनुकं? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यू आणि भारतीय, दोन्ही वंशधारा ठळक आढळल्या. मिसळण झाली ती सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी. म्हणजे 'शुद्ध इस्राएली' हेही चूक आणि 'धर्म बदललेले स्थानिक' हेही चूक. पण जहाज कोणत्या साली फुटलं, ते जनुकं सांगत नाहीत.

अलीकडच्या काळाचा माग गावांवरून पडलेल्या आडनावांत लागतो: रोहेकर, पेणकर, नवगावकर. मुंबईत १७९६ साली समाजाचं पहिलं सिनेगॉग उभारणारे सॅम्युएल एझिकेलही दिवेकरच.