लेथला मोटार बसवताय? आधी स्टार्टरचं बघा



मागच्या काही महिन्यांत आपल्या प्रभागसंघातल्या तीन गटांनी पोळपाट-लाटणी, रवी, लाकडी खेळणी करायला छोटा लेथ घेण्यासाठी कर्जमागणी केली. बैठकीत प्रश्न येतात: मोटार किती हॉर्सपॉवरची? वेग कमी-जास्त करता येतो का? बिल किती येईल? मी समाजकार्य शिकलेली, मोटारीतलं मला काही कळत नव्हतं. पण एक चूक माझ्या हातून झाली आणि त्यानंतर मी आयटीआयमधल्या सरांकडे जाऊन बसले. जे समजलं ते इथे लिहिते आहे.

आधी चूक सांगते. एका ताईंच्या लेथचं अंदाजपत्रक कर्जाच्या रकमेत बसत नव्हतं. त्यात "स्टार्टर" अशी एक ओळ होती. मी म्हटलं, साधं बटण चालेल की. ती ओळ मीच खोडली. पुढे एकदा काम चालू असताना वीज गेली. ताईंनी बटण बंद केलं नाही, कारण मशीन तर थांबलेलंच होतं. त्या फडक्याने भुसा पुसायला लागल्या आणि वीज परत आली. फडकं गुंडाळलं गेलं, त्याबरोबर हात ओढला गेला. बोटाला टाके पडले. बोट वाचलं, हे नशीब. ताई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण त्या खोडलेल्या ओळीची मला अजून आठवण येते.

स्टार्टर काय करतो?
हिरव्या-लाल बटणाचा स्टार्टर तुम्ही शेतपंपाला पाहिला आहे. हिरवं दाबलं की आतली कॉइल विजेच्या जोरावर खटका धरून ठेवते. वीज गेली की कॉइल खटका सोडते. वीज परत आली तरी हिरवं बटण पुन्हा दाबेपर्यंत मोटार सुरू होत नाही. लाकूड अडकून मोटारीवर जास्त ताण आला, तर हाच स्टार्टर ती बंदही करतो. मात्र एक लक्षात ठेवा. शेतपंपाला आपण "ऑटो" बसवतो, म्हणजे रात्री वीज आली की पंप आपोआप चालू. लेथला हा ऑटो अजिबात नको.

मोटार कोणती?
घरात सिंगल फेज वीज असते. लाटणी, भोवरे, छोटी खेळणी यांना अर्ध्या हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटार पुरते. मोठे पोळपाट करायचे तर एक हॉर्सपॉवरची घ्यावी. मोटारीच्या पाटीवर १४४० फेऱ्यांची आणि २८८० फेऱ्यांची असे दोन प्रकार दिसतील. आपल्याला मिनिटाला १४४० फेऱ्यांची हवी. बंद, पंख्याने थंड होणारी मोटार मागा, नाहीतर भुसा आत जातो.

वेग कसा बदलायचा?
सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचा उपाय म्हणजे पायऱ्यांची पुली आणि पट्टा. हिशोब सोपा आहे: मोटारीच्या फेऱ्यांना मोटारीवरच्या पुलीच्या मापाने गुणा आणि लेथवरच्या पुलीच्या मापाने भागा. मोटारीवर ३ इंची, लेथवर ६ इंची पुली असेल तर १४४० गुणिले ३ भागिले ६, म्हणजे ७२० फेरे. दोन्ही पुल्या सारख्या असतील तर १४४०. लाकूड जितकं रुंद, तितका वेग कमी. दहा इंची पोळपाटाला ७०० च्या आसपास, दोन इंची लाटण्याला १४४० चालतो. ओबडधोबड लाकूड गोल होईपर्यंत सगळ्यात हळू वेगच ठेवा. पट्टा बदलताना स्टार्टर बंद करून पिनसुद्धा काढा.

एका ताईंनी विचारलं, "शिलाई मशीनच्या मोटारीचा वेग पायाने कमी होतो, मग लेथला पंख्याचा रेग्युलेटर का नको?" प्रश्न बरोबर आहे. पण शिलाई मशीनची मोटार कार्बन ब्रशवाली, वेगळ्या जातीची. लेथची मोटार रेग्युलेटरने हळू केली तर तिची ताकद जाते, ती तापते आणि आतली तार जळते. अशी जळालेली मोटार पुन्हा गुंडाळून घ्यायला पैसे जातात ते वेगळेच.

पट्टा न बदलता, बटण फिरवून वेग हवा असेल तर "ड्राइव्ह" मिळतो. त्याला व्हीएफडी म्हणतात. तो घरची सिंगल फेज वीज घेऊन मोटारीला थ्री फेज देतो. म्हणून त्याला मोटारही थ्री फेजच लागते, घरातली जुनी सिंगल फेज मोटार चालत नाही. मोटारीची जोडणी ड्राइव्हच्या दाबाला जुळते का, हे पाटी बघून इलेक्ट्रिशियननेच ठरवायचं. वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय ड्राइव्हमध्ये बंद ठेवायला त्यांना आवर्जून सांगा. फार हळू वेगात तास न् तास चालवू नका, कारण मोटारीचा पंखाही तेवढाच हळू फिरतो आणि मोटार तापते. ड्राइव्ह बंद केल्यावरही आत काही मिनिटं वीज राहते, त्यामुळे झाकण आपण उघडायचं नाही. काम नवीन असेल तर आधी पुलीवर सुरुवात करा. कमाई झाली की ड्राइव्हचा विचार.

बिल आणि मीटर
अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार रोज चार तास चालवली तर साधारण दोन युनिट जातात. तुमच्या बिलावरच्या दराने गुणा आणि तो खर्च प्रत्येक लाटण्याच्या किमतीत धरा. घरच्या मीटरवर धंदा चालेल का, हे महावितरणच्या कार्यालयात आधी विचारा.

काम करताना
- पदर कमरेला घट्ट खोचा, शक्यतो वरून अॅप्रन घाला. ओढणी नको. केसांचा अंबाडा.
- बांगड्या वर सरकवू नका, काढूनच ठेवा. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत.
- हातमोजे घालू नका. ते अडकले तर हातासकट ओढले जातात.
- डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क.
- पट्ट्यावर जाळी किंवा पत्र्याचं झाकण हवंच.
- अर्थिंग आणि शॉक बसताच वीज तोडणारा आरसीसीबी लावून घ्या.
- लाल बटण उजव्या हाताशी, न वाकता लागेल असं.
- वीज गेली की आधी लाल बटण, मग बाकी सगळं. पोरांनाही हे शिकवा.

सुतार आणि खेळणी बनवणारे कारागीर यांच्यासाठी पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आहे. कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला लाभ मिळतो, तेव्हा अर्ज नवऱ्याच्या नावाने की तुमच्या, हे घरात बसून ठरवा. लेथवर काम कोण करतं, हेही तेव्हा बघा.

त्या ताई आता पुन्हा काम करतात. स्टार्टर बसवला, त्याचा खर्च ग्रामसंघाने मंजूर केला. यापुढे लेथच्या प्रत्येक कर्जमागणीत मोटार, पट्ट्याचं झाकण, स्टार्टर आणि अर्थिंग या चार ओळी असल्याशिवाय मी सही करणार नाही. पैसे कमी पडले तर लेथ महिनाभर उशिरा घेऊ. तुमच्या गटात अंदाजपत्रक तयार असेल तर पुढच्या बैठकीला घेऊन या, एकत्र बसून तपासू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक