संचालन प्रणालींचा स्वीकार

संचालन प्रणालींचा स्वीकार म्हणजे संगणकाची नवी संचालन प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) बाजारात आल्यापासून ती सामान्य ग्राहकांच्या नित्य वापरात येईपर्यंतची प्रक्रिया होय. नवी आवृत्ती प्रकाशित होण्याचा दिवस आणि बहुसंख्य वापरकर्त्यांनी ती स्वीकारण्याचा काळ यांत अनेकदा काही वर्षांचे अंतर असते. हे अंतर ग्राहकाच्या हौसेपेक्षा यंत्राचे आयुष्य, वापराची भाषा आणि जुन्या कामाचे जतन यांवर अधिक अवलंबून असते. महाराष्ट्रात मराठी टंकांच्या प्रश्नामुळे या प्रक्रियेला स्वतंत्र वळण मिळाले.

संकल्पना व मोजमाप

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ साली नवकल्पनांच्या प्रसाराची उपपत्ती मांडली. नवी वस्तू प्रथम घेणाऱ्या थोड्या लोकांपासून ती अगदी शेवटी घेणाऱ्यांपर्यंत समाजाचे पाच गट पडतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. संचालन प्रणालींना ही उपपत्ती अंशतःच लागू पडते, कारण बहुतेक ग्राहक संचालन प्रणाली वेगळी विकत घेत नाहीत. नव्या संगणकासोबत ती त्यांच्याकडे येते.

एखादी प्रणाली किती संगणकांवर चालते याचा अंदाज प्रामुख्याने संकेतस्थळांना मिळणाऱ्या भेटींवरून केला जातो. मोजणीच्या पद्धतीनुसार निष्कर्ष बदलतात. विंडोज १० ने विंडोज ७ ला मागे टाकल्याची नोंद स्टॅटकाउंटर या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये केली, तर नेटमार्केटशेअरच्या आकडेवारीत ही घटना डिसेंबर २०१८ मध्ये घडली.

वेगावर परिणाम करणारे घटक

* यंत्राची क्षमता: जानेवारी २००७ मध्ये ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टाला अधिक स्मृती व वेगवान प्रक्रियक लागत असे. त्यामुळे अनेकांनी विंडोज एक्सपी वापरणे चालू ठेवले आणि ऑक्टोबर २००९ मधील विंडोज ७ ची वाट पाहिली.
* किंमत: जुलै २०१५ मध्ये आलेली विंडोज १० ही आवृत्ती विंडोज ७ व ८.१ च्या वापरकर्त्यांना पहिले वर्षभर विनामूल्य देण्यात आली. पहिल्या २४ तासांतच ती १ कोटी ४० लाखांहून अधिक संगणकांवर बसवली गेली.
* जोडणी: विंडोज एक्सपीच्या २००४ मधील दुसऱ्या सुधारणा-संचाचा पूर्ण आकार सुमारे २६६ मेगाबाइट होता. दूरध्वनीच्या तारेवरून ५६ केबीपीएस वेगाने तो उतरवून घेण्यास दहा तासांहून अधिक वेळ लागे. भारनियमनाच्या काळात ग्रामीण महाराष्ट्रात हे जवळजवळ अशक्य होते. सुधारणा सीडीवरूनच हाती येत.
* प्रशिक्षण: २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम विंडोजवर आधारलेला आहे. याउलट केरळमध्ये सरकारी शाळांतून लिनक्स शिकवले गेल्याने तेथील विद्यार्थ्यांची ओळख प्रथम मुक्त प्रणालीशी झाली. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेल्या 'बॉस' या भारतीय भाषांसाठीच्या लिनक्स प्रणालीचा घरगुती वापर मर्यादित राहिला.

मराठी टंक आणि जुन्या प्रणाली

युनिकोडपूर्वीच्या मराठी टंकांत रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत. तो टंक संगणकावर नसेल, तर मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसत. एका टंकातील मजकूर दुसऱ्या टंकात वाचता येत नसे.

युनिकोड देवनागरीची सोय विंडोज २००० पासून उपलब्ध झाली. मात्र विंडोज एक्सपीमध्ये ती आपोआप चालू नसे. प्रादेशिक भाषांच्या मांडणीत जाऊन, मूळ सीडी घालून ती बसवावी लागे. ज्यांच्याकडे सीडी नव्हती किंवा ही सोयच ठाऊक नव्हती, त्यांना जोडाक्षरे तुटलेली दिसत. व्हिस्टापासून ही सोय मुळातच अंतर्भूत झाली. अशा रीतीने नवी प्रणाली स्वीकारणे हे मराठी वापरकर्त्यासाठी आपली भाषा नीट वाचता येण्याशी जोडलेले होते.

अक्षरजुळणीच्या व्यवसायात मात्र नेमके उलटे घडले. पेजमेकर या पृष्ठमांडणीच्या आज्ञावलीत युनिकोड चालत नसे. तिची शेवटची मुख्य आवृत्ती २००१ मध्ये निघाली. लग्नपत्रिका, साप्ताहिके, प्रश्नपत्रिका आणि संस्थांचे अहवाल जुन्या टंकांतच साठवले जात होते. काही मराठी आज्ञावलींसाठी संगणकाला हार्डवेअर लॉक जोडावे लागे व त्याचा चालक नव्या प्रणालीत चालेलच असे नसे. ६४-बिट विंडोजवर १६-बिट आज्ञावली तर चालतच नाहीत. त्यामुळे खटाव तालुक्याचे मुख्यालय असलेल्या वडूजसारख्या गावातील व्यावसायिकाला प्रणाली बदलणे म्हणजे वर्षानुवर्षांचे काम पुन्हा टंकलिखित करणे किंवा परिवर्तकातून काढून तपासत बसणे असे. जुना संगणक केवळ त्या कामासाठी राखून ठेवणे हा व्यवहार्य मार्ग ठरे.

विलंबाचे परिणाम

विंडोज एक्सपीचे अधिकृत साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी संपले. त्यानंतरही देशातील अनेक एटीएम यंत्रे याच प्रणालीवर चालत होती. भारतीय रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ रोजी परिपत्रक काढून सर्व एटीएम टप्प्याटप्प्याने जून २०१९ पर्यंत साहाय्य मिळणाऱ्या प्रणालीवर आणण्याचा आदेश बँकांना दिला.

मे २०१७ मधील 'वॉनाक्राय' हल्ल्यात बाधित झालेल्या संगणकांपैकी बहुसंख्य विंडोज ७ चे होते. त्यांच्यासाठीची सुरक्षा दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. २७ जून २०१७ च्या 'नॉटपेट्या' हल्ल्याने रायगड जिल्ह्यातील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. या विषाणूने दुरुस्त न केलेल्या त्रुटीबरोबरच चोरलेल्या पासवर्डांचाही उपयोग केला. यावरून असे दिसते की, प्रणालीची आवृत्ती नवी असणे पुरेसे नाही. तिच्या दुरुस्त्याही वेळेवर बसवाव्या लागतात. विनापरवाना प्रतींचे वापरकर्ते अनेकदा या दुरुस्त्या बंद ठेवत, त्यामुळे त्यांचा धोका वाढे.

सद्यस्थिती

ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रक्रियक आवश्यक आहे. त्यामुळे सुस्थितीत चालणारे अनेक जुने संगणक अधिकृतरीत्या तिच्यासाठी अपात्र ठरतात. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. घरगुती ग्राहकांसाठी विस्तारित सुरक्षा दुरुस्त्यांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवण्यात आली. अशा संगणकाच्या मालकापुढे विस्तारित दुरुस्त्या घेणे, लिनक्स बसवणे किंवा नवे यंत्र विकत घेणे हे प्रमुख पर्याय राहतात. युनिकोडमुळे मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेणे आता सोपे झाले आहे. जुन्या टंकांतील मजकुराचे रूपांतर मात्र मूळ टंक आणि तो वाचू शकणारी यंत्रे उपलब्ध आहेत तोवर करून ठेवणे आवश्यक ठरते.