धावून जाणाऱ्यांचे रक्षण

आगीच्या बंबाची घंटा ऐकू आली की सुजाण नागरिक आपले वाहन कडेला घेतो. संकटग्रस्ताकडे धावणाऱ्यास प्रथम वाट द्यावी, हा नागरी जीवनाचा अलिखित धर्म होय. परंतु विमानतळाची धावपट्टी ही अशी जागा आहे की, तेथे हा धर्म चालत नाही. उड्डाणाच्या वेगाने निघालेले विमान घंटा ऐकत नाही, आणि समोर बंब दिसला तरी ते ऐनवेळी थांबू शकत नाही. तेथे वाट मागावी लागते ती बंबानेच! ही उलटी रीत ज्यांच्या अंगवळणी पडलेली नाही, त्यांना परोपकाराची घाईच कशी घातक ठरते, हे पेरू देशाच्या राजधानीत दिसून आले.

१८ नोव्हेंबर २०२२ रोजी लिमा येथील विमानतळावर अग्निशामक दलाचा सराव चालू होता. धावपट्टीच्या कोणत्याही टोकाशी तीन मिनिटांच्या आत पोहोचता आले पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. त्याचीच ही परीक्षा. बंब वेगाने निघाले आणि थेट धावपट्टीवर आले. त्याच क्षणी १०८ जणांना घेऊन एक विमान उड्डाणासाठी धावत होते. विमानातील सर्वजण वाचले. पण बंबावरील दोन जवान तेथेच गतप्राण झाले आणि तिसरा काही महिन्यांनी मृत्यू पावला. सरावाची अनुमती होती. धावपट्टीवर जाण्याची नव्हती. या दोहोंतील भेद दोन्ही बाजूंनी मिळून आधी स्पष्ट केला नव्हता आणि बिनतारी संभाषणात ठरलेली भाषाही वापरली गेली नव्हती. आग लागलीच नव्हती, तरी आग विझवणारे प्राणास मुकले!

जपानसारख्या शिस्तप्रिय देशासही हा धडा चुकला नाही. २ जानेवारी २०२४ रोजी तोक्योच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाचे एक छोटे विमान भूकंपग्रस्तांसाठी साहित्य घेऊन निघाले होते. ‘क्रमांक एक’ हे नियंत्रकाचे शब्द केवळ उड्डाणाचा क्रम सांगणारे होते. वैमानिकाने त्यांतून धावपट्टीवर जाण्याची अनुज्ञा वाचली. उतरणारे प्रवासी विमान त्यावर आदळले. प्रवासी विमानातील ३७९ जण जळत्या सांगाड्यातून सुखरूप बाहेर पडले. तटरक्षक दलाच्या सहांपैकी पाच जण मात्र दगावले. मदतीस निघालेल्यांचाच बळी गेला.

हे सारे परदेशातले, असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. १५ फेब्रुवारी २०२० रोजी येथे पुण्यातच उड्डाणासाठी धावणाऱ्या विमानाच्या वाटेत एक जीप व एक मनुष्य आल्याचे वैमानिकास दिसले. त्याने विमान वेळेआधीच वर उचलले. विमानाच्या पाठीमागील भागास इजा झाली, पण अनर्थ टळला. लोहगावचा तळ वायुदलाचा, प्रवासी वाहतूक मुलकी, आणि मोठी आपत्ती ओढवल्यास धावून येणारे बंब व पोलीस शहराचे. जेथे इतके मालक, तेथे आज्ञा कोणाची, हे आधी ठरलेले नसेल तर गोंधळ अटळ आहे.

नगराच्या बंबाचा चालक शहरातील बोळ अन् बोळ जाणतो. पण दोन अखंड व दोन तुटक पिवळ्या रेषा दिसल्या म्हणजे अनुज्ञेवाचून चाकही पुढे जाता कामा नये, निळ्या दिव्यांच्या कडा टॅक्सीमार्गाच्या व पांढऱ्या धावपट्टीच्या, हे त्यास कोणी शिकवले आहे काय? बंदोबस्ताच्या शिपायास कोणी सांगितले आहे काय? धोका केवळ धावत्या विमानाचाच नाही. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्को येथे अपघातातून बाहेर पडलेली एक मुलगी फेसाखाली झाकली गेली आणि मदतीस आलेल्या बंबाखालीच सापडली.

उपाय अवघड नाहीत. ते खर्चाचे कमी आणि शिस्तीचे अधिक आहेत. शहरातील कोणतेही वाहन विमानतळाच्या मार्गदर्शक गाडीवाचून आत जाऊ नये. मनोऱ्याशी बोलणारा एकच जबाबदार अधिकारी असावा आणि मिळालेली आज्ञा त्याने शब्दशः परत म्हणून दाखवावी. वर्गात पोराने धडा म्हणून दाखवल्याखेरीज तो त्यास कळला असे शिक्षक मानत नाही. मग जेथे प्राणांचा प्रश्न आहे तेथे नुसत्या ‘होय’वर कसे भागेल? मोठा संयुक्त सराव दोन वर्षांतून एकदा व्हावा असा दंडक आहे. पण तेवढ्या अवधीत ठाण्यातील कित्येक माणसे बदलून जातात. म्हणून नव्याने आलेल्या प्रत्येक शिपायास व चालकास तळाची ओळख करून देणे हे पोलीस आयुक्त, महापालिका व विमानतळ यांचे नित्याचे कर्तव्य ठरले पाहिजे.

पडलेल्या जवानास मानवंदना देणे सोपे असते. त्याला पडू न देणे हे कारभाराचे खरे काम. आपल्यासाठी जे धावतात, त्यांना कोठे थांबावे हे वेळीच सांगण्याची जबाबदारी आपली आहे. ती पार पाडण्यासाठी अपघाताची वाट पाहू नये, एवढेच आमचे आग्रहाचे सांगणे आहे.