मधला मंगळवार

समजा, सातपूर एमआयडीसीत पॅकिंगला बसणारी एक बाई आहे. बुधवारी पहिल्या पाळीला आली, तर सुपरवायझर विचारतो, "ताई, काल कुठं होता?" तिच्या हिशेबानं काल सोमवार होता. पर्समध्ये त्र्यंबकेश्वरच्या बसचं तिकीट सापडतं, तारीख मंगळवारची. "ताप होता," म्हणून ती कामाला लागते. अशी सारवासारव आता तिच्या अंगवळणी पडलीय.

डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर, म्हणजे डीआयडी, रोजच्या जगण्यात बहुधा असा दिसतो. 'भूलभुलैया'तल्या मंजुलिकेसारखा नाही. एकाच माणसात दोन किंवा अधिक 'मी' आलटूनपालटून ताबा घेतात, पण बाहेरच्याला त्याचा पत्ता क्वचितच लागतो. छळतात त्या आठवणीतल्या पोकळ्या. कपाटात आपण न आणलेली साडी, आपल्याच वहीत परकं अक्षर. आपण याला 'दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व' म्हणतो आणि तेच लेबल स्किझोफ्रेनियालाही चिकटवतो. आजार मात्र दोन वेगळे.

याच्या जवळ जाणारी एक मराठी घटना नागपूरची. १९७४मध्ये तिथल्या एक प्राध्यापिका मधूनमधून बंगाली बोलू लागल्या, स्वतःला शारदा म्हणवू लागल्या. त्या अवस्थेत त्यांना मराठी कळेना, घरची माणसं ओळखू येईनात. कधी दिवसभर, कधी कित्येक आठवडे. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांना त्यात पुनर्जन्माची शक्यता दिसली. १९८४च्या पुस्तकात त्यांनी ती मांडली. बाई पूर्वी थोडं बंगाली शिकल्या होत्या, याकडे टीकाकारांनी बोट दाखवलं. वाद रंगला तो शारदा कोण, यावर. मला कुतूहल आहे ते परत भानावर आल्यावर कॅलेंडरकडे बघणाऱ्या प्राध्यापिकेचं.

डीआयडीच्या मुळाशी बहुतेकदा बालपणातला दीर्घ छळ असतो. मुलाचा 'मी' जन्मतःच एकसंध नसतो, तो हळूहळू जुळतो. पळून जाता येत नाही, तेव्हा असह्य आठवणी वेगळ्या कप्प्यांत राहतात आणि जुळणी अर्धवट राहते. काही संशोधक मात्र सूचना आणि प्रसिद्धीचा वाटा मोठा मानतात. १९७३च्या 'सिबिल' या पुस्तकानंतर अमेरिकेत निदानं भराभर वाढली, हे त्यांचं बोट ठेवण्याचं ठिकाण.

आपल्याकडे पहिली शंका येते बाहेरच्या बाधेची. २०१३च्या डीएसएम-५ या निदानसंहितेनं झपाटल्याचा अनुभवही डीआयडीच्या व्याख्येत घेतला. पण नवरात्रात रीतीप्रमाणे अंगात येणारी मावशी आजारी ठरत नाही. अनुभव नकोसा असावा, जगणं विस्कटणारा असावा, रूढीबाहेरचा असावा, अशा अटी आहेत. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायला कुणी गेलं, तर जाऊ दे. मनोविकारतज्ज्ञाकडची फेरी चुकवू नये, इतकंच. टेली-मानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट लागतो.

डीआयडीवर खास गोळी नाही. नैराश्य, झोप यांवर औषधं देतात. खरं काम बोलण्यातून होतं, तेही वर्षानुवर्षं. आधी सुरक्षितता आणि दिनक्रम, जुन्या जखमांना हात नंतर. काही थेरपिस्ट एक सामाईक वही ठेवायला सांगतात. जो 'मी' पुढे असेल, त्यानं लिहायचं. सातपूरच्या त्या बाईच्या वहीत मंगळवारखाली कदाचित एवढंच असेल: 'त्र्यंबकला गेले. कुशावर्तावर बसले. डबा खाल्ला. भीती वाटत होती.'